दाढेमुळे जुनावलेल्या सायनसमध्ये अस्तर किती बदलते आणि त्यातले किती पूर्ववत होते?

तुमची हकिगत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वय सेहेचाळीस, राहणे सिंहगड रस्त्याला. आठ महिने फक्त डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत होता, उजवी बाजू स्वच्छ होती. डावीकडच्या वरच्या पहिल्या दाढेचे काही वर्षांपूर्वी रूट कॅनल झालेले आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून सायनसचे तोंड मोकळे केले आणि तेव्हा काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट असा आला : दीर्घकालीन अविशिष्ट दाह, अस्तराला पॉलिपसारखी (लोंबत्या फुगवट्यासारखी) सूज, काही ठिकाणी स्क्वॅमस मेटाप्लेशिया, म्हणजे अस्तराच्या पेशींच्या जागी चपट्या पेशी; बुरशी, ग्रॅन्युलोमा (दाहपेशींच्या गाठी) किंवा कर्करोग आढळला नाही. दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, पाहून दाढ व्यवस्थित असल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेला दीड महिना होतो न होतो तोच वास पुन्हा जाणवू लागला आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत. मेटाप्लेशिया ही कर्करोगाची पहिली पायरी आहे का, रिपोर्टमध्ये दाताचा उल्लेख नाही म्हणजे दाढ निर्दोष ठरली का, आणि अस्तर कायमचे बिघडले असेल तर, तुमचे काका सुचवतात त्याप्रमाणे, ते सगळे खरवडून काढावे का.

मी पुण्यात ऊतकविकृतिशास्त्राचे, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासून आजार ओळखण्याचे, काम करते. नाक, सायनस आणि जबडा यांतून काढलेले तुकडे माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी येतात. तुमची स्लाईड मी पाहिलेली नाही आणि तुम्हाला तपासलेलेही नाही, त्यामुळे खाली लिहिते आहे ते अशा ऊती एरवी कशा वागतात याविषयी आहे. जिथे उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, तिथे तसे स्पष्ट सांगेन.

प्रश्न तिन्ही रास्त आहेत, पण मूळ अडचण मला वेगळी दिसते. बायोप्सीचा रिपोर्ट अस्तराला काय झाले ते सांगतो; ते कशामुळे झाले हे तो बहुतेक वेळा सांगू शकत नाही. तुमच्या हातात पहिल्या गोष्टीचे उत्तर आहे. दुसरी गोष्ट कोणी शोधलेलीच नाही, कारण नाकाच्या डॉक्टरांनी ती दातांकडे सोपवली आणि दातांकडे एका ओपीजीवर विषय मिटला. आपल्याकडे अशा रुग्णांची ही नेहमीची कथा आहे.

अस्तर समजले की बाकीचे समजणे सोपे जाते, म्हणून तिथून सुरुवात करते. गालाच्या हाडामागची ही पोकळी, म्हणजे मॅक्सिलरी सायनस, आणि वरचे दात यांचे शेजारपण वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याच्या 1651 च्या ग्रंथात या पोकळीच्या वर्णनासोबतच, वरचा दात काढल्यावर आतला पू वाहून गेलेल्या एका स्त्रीची हकिगत आहे. या पोकळीच्या तळाला सर्वांत जवळ असतात ती दुसऱ्या दाढेची मुळे, त्यानंतर पहिल्या दाढेची, आणि मग दुसऱ्या उपदाढेची. मुळाचे टोक आणि सायनसचा तळ यांच्यामधले हाड काही माणसांत चांगले जाड असते, तर काहींमध्ये एक मिलिमीटरही भरत नाही. क्वचित मुळाच्या टोकावर हाड नसतेच, नुसते अस्तर असते. म्हणून एकाच प्रकारची किडलेली दाढ एकाच्या सायनसला वर्षानुवर्षे धक्का लावत नाही आणि दुसऱ्याचा सायनस काही महिन्यांत भरून टाकते.

निरोगी अस्तर एखादा मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचे असते. सर्वांत वर श्लेष्माचा पातळ थर, त्याखाली उभ्या पेशी, त्या पेशींच्या टोकांना सिलिया म्हणजे हलते सूक्ष्म रोम, आणि मधूनमधून श्लेष्म तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी. त्याखाली आधारपटल, म्हणजे या पेशी ज्यावर उभ्या असतात तो पातळ पडदा, मग रक्तवाहिन्या आणि ग्रंथी असलेली सैल ऊती, आणि शेवटी पर्यस्थी, म्हणजे हाडाला चिकटलेले पातळ आवरण. सिलिया सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने फटके मारतात आणि श्लेष्म सायनसच्या तोंडाकडे ढकलतात. हे तोंड पोकळीच्या तळाशी नसून आतल्या भिंतीवर बरेच वर असते. म्हणजे सगळा निचरा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, केवळ सिलियांच्या बळावर चालतो. याचा उपयोग पुढे, तुमच्या काकांच्या सूचनेचा विचार करताना होईल.

सर्दीतून किंवा ॲलर्जीतून होणारा दाह अस्तराला वरून, हवेच्या बाजूने गाठतो. दाढेचा संसर्ग उलट्या बाजूने येतो. दाताचा गर मेला की मुळाच्या नलिकेत जंतूंची वसाहत होते, त्यांची विषे मुळाच्या टोकातून हाडात झिरपतात, हाड हळूहळू विरघळते, पर्यस्थी चिडते आणि मग अस्तराच्या तळच्या थरात दाहपेशी जमू लागतात. यासाठी हाडाला आरपार भोक पडावेच लागते असे नाही. 1943 मध्ये डब्ल्यू. एच. बावर यांनी मृतदेहांच्या वरच्या जबड्यांचे सूक्ष्म काप तपासून दातांच्या संसर्गामुळे सायनसच्या अस्तरात होणारे बदल दाखवले. हाडातल्या मज्जेच्या जागा, रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या या वाटांनी दाह वर पोहोचू शकतो, हे तेव्हापासून या विषयाच्या पायाभूत ज्ञानात आहे. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्ट मंडळींच्या संघटनेने 2018 मध्ये या आजाराविषयी स्वतंत्र निवेदन काढले. नाकाच्या विकारांसाठी युरोपात तयार झालेली 2020 ची मार्गदर्शक तत्त्वेही दाताच्या सायनसला नेहमीच्या दीर्घकालीन सायनसमध्ये न घालता, स्थानिक कारणाने उद्भवलेला दुय्यम आजार म्हणून वेगळा ठेवतात. हे वेगळेपण नुसते कागदावरचे नाही, उपचार त्यानेच बदलतो.

आता स्लाईडवर प्रत्यक्ष काय दिसते ते पाहू. अशा रुग्णाच्या सायनसमधून येतात ते मसुराएवढे, फिकट, लिबलिबीत तुकडे. काहींना हाडाचा बारीक कपचा चिकटलेला असतो आणि तो मऊ करण्यासाठी आम्लात ठेवावा लागत असल्यामुळे रिपोर्टला एक-दोन दिवस जास्त लागतात. कमी भिंगाखाली पहिली नजरेत भरते ती सूज : आधारपटलाखालची ऊती फुगून पेशी एकमेकींपासून लांब गेलेल्या असतात, आणि हा फुगवटा अस्तराला पुढे ढकलतो तेव्हा पॉलिपसारखा आकार येतो. भिंग वाढवले की त्या सुजेत लिम्फोसाइट आणि विशेषतः प्लाझ्मा पेशी या दाहपेशींचे थवे दिसतात. प्लाझ्मा पेशी ओळखू येते ती अशी : अंडाकार पेशी, एका बाजूला सरकलेले केंद्रक, त्याशेजारी एक फिकट चंद्रकोर. जिथे जंतूंशी लढा बराच काळ चालू आहे तिथे या पेशी हटकून असतात. पृष्ठभागाजवळ न्यूट्रोफिल, म्हणजे पुवात असणाऱ्या पांढऱ्या पेशी, काही पेशींमधून थेट वर चढणारे, तर काही पोकळीतल्या पुवात विरघळत चाललेले. गॉब्लेट पेशींची संख्या वाढलेली असते, ग्रंथी फुगलेल्या असतात, त्यांच्या नलिकांमध्ये घट्ट श्लेष्म अडकलेला असतो. आजार फार जुना असेल तर सुजेची जागा तंतू घेतात आणि रक्तवाहिन्यांभोवती कोलॅजनचे कडे दिसू लागते. हाडाच्या कपच्यात नवीन, अपरिपक्व हाड आणि त्याच्या कडेला ओळीने बसलेल्या हाड बनवणाऱ्या पेशी असतात. सीटी स्कॅनवर जी भिंत जाड दिसते, तिचे हे सूक्ष्म रूप.

याच पट्टीवर मेटाप्लेशिया सापडतो. एका टोकाला सिलिया असलेले उभ्या पेशींचे अस्तर सरळ चाललेले असते आणि मध्येच, काही पेशींच्या अंतरात, सिलिया संपतात, गॉब्लेट पेशी गायब होतात, आणि त्यांच्या जागी तोंडातल्या किंवा कातडीच्या धर्तीचे चपट्या पेशींचे थर सुरू होतात. थोडे पुढे गेले की पुन्हा सिलिया. सतत पू, विष आणि कोरडेपणा सोसणाऱ्या अस्तरातल्या मूळ पेशी नाजूक सिलियावाल्या पेशी घडवण्याऐवजी दणकट चपट्या पेशी घडवू लागतात. खोरे धरून तळहाताला घट्टे पडतात, त्यातलाच हा प्रकार. या जागेत पेशींची शिस्त शाबूत असते : तळाला लहान गडद पेशी, वर चढत जाताना त्या रुंद आणि चपट्या होतात, विभाजन दिसलेच तर तळच्या थरातच दिसते. कर्करोगापूर्वीच्या अवस्थेत, म्हणजे डिस्प्लेशियात, नेमकी हीच शिस्त मोडते, केंद्रके वेडीवाकडी आणि गडद होतात आणि विभाजन वरच्या थरांतही सापडते. प्रशिक्षित डोळ्याला हा फरक दिसतो, आणि शंका असेल तर आम्ही तसे लिहितो. तुमच्या रिपोर्टमध्ये मेटाप्लेशिया आहे आणि डिस्प्लेशियाचा उल्लेख नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हा बदल चिडीचा आहे आणि चीड थांबली तर तो परत फिरू शकतो. एक अपवाद मात्र नोंदवते. सिगारेट, बिडी किंवा इतर धुरामुळेही श्वसनमार्गात असाच मेटाप्लेशिया होतो. तुम्ही धूम्रपान करत असाल तर दाढेचा बंदोबस्त करूनही चिडीचे एक कारण शिल्लक राहील, आणि मिश्री लावण्याची सवय असेल तर तोंड आणि हिरड्या वेगळ्याने तपासून घ्याव्या लागतील.

दुसरा प्रश्न, दाढ निर्दोष ठरली का. नाही. वर वर्णन केलेले जवळजवळ सगळे बदल दात नसताना, दुसऱ्या कारणाने जुनावलेल्या सायनसमध्येही दिसतात. प्लाझ्मा पेशींवर दाढेचा क्रमांक लिहिलेला नसतो, म्हणून प्रामाणिक विकृतितज्ज्ञ अशा तुकड्यावर 'अविशिष्ट' असेच लिहितो. तरीही स्लाईड काही इशारे देते, आणि ते वाचले गेले आहेत का हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पहिला इशारा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा. ॲलर्जीच्या किंवा दम्याच्या अंगाने होणाऱ्या पॉलिपमध्ये त्या मुबलक असतात. मी मघाशी उल्लेखलेल्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या भिंगाच्या एका क्षेत्रात दहा किंवा अधिक अशी मर्यादा धरली आहे. दाताच्या सायनसमध्ये चित्र बहुधा न्यूट्रोफिल आणि प्लाझ्मा पेशींचे असते, इओसिनोफिल तुरळक. तुमच्या रिपोर्टमध्ये ही संख्या दिलेली नसेल तर ती मागता येते. (पुण्यात नाकाची प्रत्येक तक्रार गाजरगवताच्या खात्यावर टाकण्याची आपल्याला सवय आहे. 1950 च्या दशकात हे तण पुण्यात नोंदले गेले आणि त्याच्या परागकणांनी खरोखरच पुष्कळांना ॲलर्जी होते. पण परागकण फक्त डावी बाजू निवडून त्रास देत नाहीत.)

दुसरा इशारा बाहेरच्या वस्तूचा. रूट कॅनल भरताना वापरलेला मसाला मुळाच्या टोकाबाहेर जाऊन सायनसमध्ये पोहोचला असेल, तर तुकड्यांत काळसर कण आणि त्यांना वेढणाऱ्या अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी सापडतात. अशा मसाल्यात झिंक ऑक्साइड असले तर त्याभोवती ॲस्परजिलस बुरशीचा गोळा धरण्याची शक्यता वाढते, हे बऱ्याच काळापासून नोंदवलेले आहे. हा गोळा पोकळीत, श्लेष्मात असतो, ऊतीत घुसत नाही, म्हणून शस्त्रक्रियेत फक्त अस्तराचे तुकडे पाठवले आणि पोकळीतला गाळ चोषून टाकून दिला तर रिपोर्टमध्ये 'बुरशी नाही' असे येऊ शकते आणि ते त्या तुकड्यांपुरते खरेही असते. तुमच्या डॉक्टरांना विचारा की आतला गाळही तपासणीला पाठवला होता का, आणि बुरशी दिसावी म्हणून तुकड्यांचे खास रंजन (रंग देणे) केले होते का. 2021 मध्ये आपल्या शहराने म्युकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे, जे दिवस पाहिले, त्यानंतर सायनस आणि बुरशी हे दोन शब्द शेजारी आले तरी रुग्ण हादरतो, म्हणून स्पष्ट करते : म्युकरचे रुंद, सुरकुतलेले, जवळजवळ पडदे नसलेले धागे रक्तवाहिन्यांत शिरतात आणि ऊती मारतात. ॲस्परजिलसचा गोळा हा त्याहून अगदी वेगळा, संथ आणि निरोगी प्रतिकारशक्तीच्या माणसात सहसा जिवावर न बेतणारा आजार आहे.

मग दाढ दोषी असेल तर दुखत का नाही? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण दातांच्या डॉक्टरांच्या दिलाशामागे तोच आहे. दात ठणकतो तो बंदिस्त हाडात पुवाचा दाब वाढल्यामुळे. इथे पुवाला वर सायनसमध्ये मोकळी वाट मिळालेली असते, दाब साठतच नाही, आणि रूट कॅनल झालेल्या दाढेत संवेदना पोहोचवणारा गर उरलेलाच नसतो. शिवाय वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या गालाकडील मुळात बहुसंख्य लोकांना दुसरी, अतिशय बारीक नलिका असते. ती सापडली नाही तर वरून उत्तम दिसणाऱ्या रूट कॅनलखाली जंतू वर्षानुवर्षे सुखाने राहतात. ओपीजी ही सपाट सावली आहे. तिच्यात गालाचे हाड, टाळू आणि सायनसचा तळ एकमेकांवर पडतात आणि वरच्या दाढांच्या मुळाशी असलेला काळा डाग त्यात सहज लपतो. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, लागतो. पण नवीन स्कॅनच्या आधी एक बिनखर्चाची गोष्ट करा. शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या सीटी स्कॅनची सीडी घरात असेलच. सायनसच्या सीटीत वरच्या दाढांची मुळे बहुतेक वेळा आलेली असतात. मात्र रेडिओलॉजीच्या रिपोर्टमध्ये पुष्कळदा दातांविषयी एक ओळही नसते, कारण विचारणाऱ्याने नाकाविषयी विचारलेले असते. ती सीडी रूट कॅनलचेच काम करणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे एंडोडॉन्टिस्टना, दाखवा आणि मुळांच्या टोकांकडे हाडाच्या विंडोमध्ये, म्हणजे हाड स्पष्ट दिसेल अशा मांडणीत, पाहायला सांगा. या आजाराच्या निदानाविषयी 2021 मध्ये दोन्ही शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून जे आंतरराष्ट्रीय सहमतीचे निवेदन केले, त्याचा गाभाही हाच आहे की सायनसमधला पू नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून आणि दाताचा संसर्ग दंतवैद्यांनी तपासणी व प्रतिमांवरून, असे दोन्हीकडून शिक्कामोर्तब व्हावे.

इथपर्यंतचे एकत्र ठेवते. तुमच्या रिपोर्टमधला मेटाप्लेशिया धोक्याची घंटा नाही. एकाच बाजूचा त्रास, घाण वास, त्याच बाजूची रूट कॅनल झालेली दाढ आणि शस्त्रक्रियेनंतर परतलेला वास हे सगळे दाढेकडे बोट दाखवते, पण पुरावा अजून गोळा व्हायचा आहे. घाण वासाचे कारण म्हणजे दाताच्या मुळाशी राहणारे, हवा नको असलेले जंतू. नेहमीच्या सर्दीच्या सायनसमध्ये त्यांचा वाटा एवढा मोठा नसतो. दीड महिन्यात शस्त्रक्रियेची जागा पूर्ण भरलेली नसते आणि आतल्या खपल्यांनाही थोडा वास येतो, हेही लक्षात ठेवायला हवे. दुर्बिणीतून एकदा पाहिले की खपली आहे की ताजा पू हे लगेच कळते.

आता तिसरा प्रश्न, अस्तर परत सुधारते का आणि ते खरवडावे का. दाह थांबला की सगळे थर एकाच वेगाने पूर्ववत होत नाहीत. न्यूट्रोफिल आणि सूज आधी ओसरतात, काही आठवड्यांत. प्लाझ्मा पेशी रेंगाळतात. वाढलेल्या गॉब्लेट पेशी आणि फुगलेल्या ग्रंथी कमी व्हायला काही महिने जातात, आणि सिलिया पुन्हा दाट होऊन एका दिशेने काम करू लागायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. मेटाप्लेशियाच्या जागी मूळ पेशी पुन्हा सिलियावाल्या पेशी घडवू लागतात, कारण त्या मूळ पेशी आधारपटलावर जिवंत असतात. तंतू आणि जाड झालेले हाड मात्र बहुतांशी तसेच राहतात. म्हणूनच पुढच्या एखाद्या स्कॅनमध्ये भिंत जाड दिसली तर घाबरून जाऊ नका. तो जुन्या आजाराचा माग असतो, चालू आजाराचा पुरावा नसतो. त्याच कारणाने नवा स्कॅन घाईने, तीन महिन्यांच्या आत, काढण्यात फारसा अर्थ नसतो, तक्रार वाढली तर गोष्ट वेगळी.

काकांनी सुचवलेली खरवडण्याची शस्त्रक्रिया ही कॉल्डवेल-लुक पद्धत असावी. अमेरिकेत कॉल्डवेल यांनी 1893 मध्ये आणि फ्रान्समध्ये लुक यांनी 1897 मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली : ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालाच्या हाडाला खिडकी पाडायची, आतले रोगट अस्तर मुळापासून काढायचे आणि नाकाच्या खालच्या भागात निचऱ्यासाठी भोक ठेवायचे. काकांच्या पिढीत ती सर्रास होत असे आणि तेव्हा दुसरा चांगला पर्याय नव्हता. तिची अडचण वर सांगितलेल्या दोन गोष्टींत आहे. पहिली, सिलिया श्लेष्म वरच्या नैसर्गिक तोंडाकडेच नेतात. खाली कितीही मोठे भोक पाडले तरी प्रवाह त्याला वळसा घालून वरच जातो. दुसरी, आधारपटलासकट अस्तर काढले की मूळ पेशीही जातात, पोकळी कडेच्या अस्तरातून आणि तंतुमय ऊतीतून भरते, आणि नवीन पृष्ठभागावर ग्रंथी व सिलिया कमी असतात. अशा सायनसमधून वर्षांनंतर पुन्हा तुकडे येतात तेव्हा स्लाईडवर तंतूच जास्त दिसतात. म्हणून 1980 च्या दशकापासून दुर्बिणीची पद्धत रुळली : नैसर्गिक तोंड मोकळे करा, पॉलिपसारखा अडथळा काढा, उरलेले सुजलेले अस्तर जागेवर ठेवा आणि त्याला सुधारायला वेळ द्या. सायनसमध्ये घुसलेले मूळ, फार बाजूला बसलेला बुरशीचा गोळा किंवा मोठी दंतगाठ अशा प्रसंगी बाहेरून खिडकी आजही लागते. तुमच्या वर्णनात तसे काही दिसत नाही.

अस्तर सुधारण्याची ही सारी गणिते एका अटीवर चालतात, ती म्हणजे उगम बंद झाला पाहिजे. अँटिबायोटिकने वास काही दिवस जातो आणि मग परत येतो, हा तुमचाही अनुभव असेल. औषध रक्तातून अस्तरापर्यंत पोहोचते, मेलेल्या मुळाच्या नलिकेत रक्तपुरवठाच नसल्याने तिथे पोहोचत नाही. दाढेचे काय करायचे हे मात्र परिस्थितीवर ठरते. नलिका सुटलेली असेल तर रूट कॅनल पुन्हा करता येते. मुळाच्या टोकाशी गाठ असेल तर टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. मूळ उभे तडकले असेल किंवा हिरडीच्या बाजूने हाड गेले असेल तर दाढ काढणेच शहाणपणाचे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय यातले काहीही नीट भरून येत नाही. आधी दाढ की आधी सायनस, या वादात तुम्ही पडू नका. तुमच्या बाबतीत सायनसचे तोंड मोकळे झालेले आहे, उरली आहे ती दाढच. दाढ काढावी लागली तर तोंड आणि सायनस यांच्यात वाट पडू शकते, याची कल्पना दातांच्या डॉक्टरांना आधीच द्या आणि ती वाट लगेच बंद करण्याची तयारी असलेल्या ठिकाणीच हे काम करवून घ्या. ती उघडी राहिली तर तोंडातले अस्तर तिच्या कडेने आत वाढत जाते, तिची कायमची नळी होते आणि मग ती आपोआप मिटत नाही.

काही लक्षणे असतील तर मात्र या साऱ्या चर्चेसाठी थांबू नका : गाल किंवा वरचा ओठ बधिर होणे, हिरडीचा आजार नसताना दात हलू लागणे, रक्तमिश्रित स्राव, टाळूला किंवा गालाला फुगवटा, तोंड उघडताना अडचण, एकाची दोन दिसणे किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणे. बायोप्सीचे तुकडे लहान असतात आणि ते घेतलेल्या जागेपुरतेच बोलतात. एकाच बाजूच्या पॉलिपमागे इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची गाठ किंवा क्वचित कर्करोगही लपलेला असू शकतो, म्हणून यांपैकी काही दिसले तर आधीचा निर्मळ रिपोर्ट बाजूला ठेवून पुन्हा तपासणी करावी लागते.

दाढ किंवा मुळाचे टोक काढले तर त्याला लोंबणारा मांसल तुकडा कचऱ्यात जाऊ देऊ नका. तो फॉर्मेलिनमध्ये तपासणीला पाठवायला सांगा, आणि जंतूंचे कल्चर हवे असेल तर त्याचा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी वेगळा घ्यायला सांगा, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. त्यात मुळाची गाठ, ॲक्टिनोमायसिस जंतूंच्या वसाहती किंवा मसाल्याचे कण सापडले, तर उगम दाढेतच होता याला सूक्ष्मदर्शकाखालचा दुजोरा मिळतो. तुमच्या आधीच्या तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाईडही प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. त्या मागून मुखविकृतितज्ज्ञांना दाखवता येतात. बरोबरच्या अर्जावर नुसते 'डावा सायनस, पॉलिप' असे लिहू नका. दाढेचा क्रमांक 26, रूट कॅनल कोणत्या साली झाले, साखरेचा ताजा आकडा, तंबाखूची सवय आणि सीटीची सीडी, एवढे सोबत द्या.